चुलीवरचा साबण

शाम्पूची पुडी माणूस दातानं फोडतो. हात ओले असतात, डोळ्यांत पाणी असतं आणि न्हाणीत कात्री कुणी नेत नाही. मग पुडीचा कोपरा दातात धरायचा, एक हिसका द्यायचा आणि तोंडातला तुकडा थू करून टाकायचा. मोरीला कितीही बारीक जाळी बसवा, तो नखाएवढा तुकडा तिच्यातून सुटतोच. हे मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण लोहगडाच्या पायथ्याला आमच्या चार खोल्या आहेत आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी गडावरून चिखलात लोळून आलेली माणसं तिथं अंघोळी करतात. ती अंघोळ कशी करतात हे त्यांच्या आयांना ठाऊक नसेल, पण मला ठाऊक आहे.

खोल्या माझ्या आणि माझ्या धाकट्या जावेच्या. सातबाऱ्यावर नाव सासऱ्यांचं आहे, भिंती नवऱ्यांनी उभ्या केल्या, हे सगळं कबूल. पण दोघे नवरे तळेगावच्या कारखान्यात पाळीवर जातात आणि घरी येतात ते झोपायला. चादरी धुण्यापासून ते गाणी म्हणत सुटलेल्या पाहुण्यांना गप्प करण्यापर्यंत सगळं आम्ही दोघी बघतो. मी तळेगावात सोसायटीत वाढलेली. लग्न होऊन वाडीत आले तेव्हा मला ना भात लावता येत होतं, ना चूल पेटवता येत होती. 'तळेगावची हाय, तिला काय येतंय' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. खोल्या सुरू झाल्या आणि ते वाक्य बंद पडलं. मला तिथं सगळं येत होतं. जावेचंही तसंच. ती लोणावळ्याची, तिचे वडील घरी कढई लावून दुकानांसाठी चिक्की करतात. लहानपणापासून गुळाच्या वाफेत उभी राहिलेली ती पोर, आमच्याकडे येऊन नुसती भांडी घासत बसली होती. खोल्यांनी आम्हा दोघींना माणसात आणलं. त्या गेल्या असत्या तर आम्ही पुन्हा ओट्याशी उभ्या राहिलो असतो, आणि ते मला आता जमलं नसतं.

जागा मात्र आबांच्या राबाची. आबा म्हणजे आमचे सासरे. भाताची रोपं वाढवण्यासाठी उन्हाळ्यात जमिनीवर शेण आणि पाला पसरून ती भाजून काढतात, त्याला राब म्हणतात. आबांनी ज्या तुकड्यावर आयुष्यभर राब भाजला, तिथंच पोरांनी खोल्या बांधायचं काढलं. ते नको म्हणाले नाहीत. राब खाली ओढ्याकाठी हलवला आणि त्या दिवसापासून खोल्यांच्या पायरीवर त्यांनी पाऊल ठेवलं नाही. शेतावर जायची सरळ वाट खोल्यांवरून जाते, पण आबा वळसा घालून जायचे. दिवसातून कितीही खेपा होऊ देत, वळसा म्हणजे वळसा.

मग एका पावसाळ्यात लावणीच्या दिवशी तो प्रकार झाला. खोल्यांच्या खालीच आमचं भाताचं सगळ्यात चांगलं खाचर आहे, मोरीचं पाणी त्यातच उतरतं. आबांनी त्यात चिखलणी केली होती आणि दुपारी आम्ही सगळ्या बायका बांधावर भाकरी सोडून बसलो होतो. आबा चिखलातून वर आले, डोक्याचं फडकं सोडलं आणि त्याची गाठ आमच्या दोघींच्या पुढ्यात मोकळी केली. आत पुड्या होत्या. चंदेरी, हिरव्या, गुलाबी. पुड्यांपेक्षा जास्त त्यांचे फाडलेले कोपरे. चिखलात कुजतील कशाला, त्यांना अजून फुलांचा वास येत होता.

"म्या भात पेरलं व्हतं," आबा म्हणाले. "मंग ह्ये पीक कुणाचं?"

बांधावरच्या बायकांची तोंडं चालायची थांबली. मी काही तरी बोलायला गेले, तर त्यांनी हात वर केला.

"पुढल्या लावणीला माझ्या खाचरात ह्यातलं कायबी गावलं, तर खोल्यांना कुलूप. मंग कुनीबी मधी पडू नगा."

आबा उगीच धमक्या देणाऱ्यातले नाहीत. भावाशी एका बांधावरून वाकडं आलं, तर आजतागायत त्यांनी त्या घरचं पाणी प्यायलेलं नाही, आणि घर तर शेजारीच आहे. मी त्या दिवशी उरलेली रोपं कशी लावली, मला आठवत नाही. राग इतका आला होता की रोपं जमिनीत खुपसत होते. पाहुणे पुड्या टाकतात, त्यात आम्ही काय करायचं? प्रत्येकाच्या मागं न्हाणीत जाऊन उभं राहायचं का? संध्याकाळी मी हे सगळं जावेपुढं ओकले. ती शांतपणे तांदूळ निवडत होती.

"ताई," ती म्हणाली, "पुडी त्यांची असेल, पण मोरी आपली आहे ना?"

धाकटी असून अशी बोलते, म्हणून कधी कधी मला तिचा फार राग येतो.

सुरुवातीला आम्ही पाट्या लावल्या. पाटी वाचणारा माणूस गडावर येतच नाही, असा माझा अनुभव आहे. मग ठरवलं, पाहुण्यांना साबण आपणच द्यायचा, म्हणजे पुडीची गरजच उरणार नाही. दुकानातून वड्या आणल्या. आबांनी अंगणात उडत आलेलं एक वेष्टण उचललं, दोन्ही हातांनी फाडायला गेले. ते फाटेना. ताणून ताणून लांब झालं.

"कागद फाटतो," ते म्हणाले. "ह्यो तानतोय." आणि ते वेष्टण त्यांनी माझ्या हातावर ठेवलं, जशी काही माझी पडलेली वस्तू परत करत होते.

म्हणजे वर कागद, आत प्लास्टिक. पुडी गेली आणि वेष्टण आलं, आगीतून फुफाट्यात. तेव्हाच मी ठरवलं की साबण घरीच करायचा. मी जिद्दीला पेटले की जाऊ माझ्यापासून थोडी लांब उभी राहते, पण या वेळी ती पुढं सरकली.

बचत गटातर्फे तळेगावात साबणाचं प्रशिक्षण होतं. आम्ही दोघी गेलो. खोबरेल, थोडं करंजाचं तेल, कॉस्टिक सोडा, पाणी. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, हे शिकवणाऱ्या बाईंनी इतक्यांदा सांगितलं की जाऊ ते झोपेतही बोलायला लागली. मिश्रण घोटायचं, खोक्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी कापायचं आणि महिनाभर ठेवून मग वापरायचं. सोपं वाटलं. घोटायचं काम माझं, कारण माझ्या अंगात राग पुष्कळ होता. कापायचं काम जावेचं. माहेरून आणलेली लांब पोलादी सुरी तिनं काढली आणि ती वडी जी पाडली! धारेवर धार, कोपऱ्यावर कोपरा. चिक्कीवाल्याच्या पोरीचा हात काय असतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. कडेचे वाकडेतिकडे तुकडे निघाले ते तिनं बाजूला सारले. चांगला माल घासूनपुसून ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यांत भरला, झाकणं घट्ट दाबली, वरून फडकी बांधली.

इथं आमची चूक झाली, आणि आम्ही ती मोठ्या काळजीनं केली. महिनाभर ठेवा, असं बाईंनी सांगितलं होतं. कसं ठेवायचं, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही. विचारायचं कशाला? पावसाळ्यात आमच्याकडे वस्तू ठेवायची म्हणजे डबाबंदच करायची. मिठाचं पाणी होतं, काडेपेटी ओढली तर नुसतं डोकं गळून पडतं, चपलांवर बुरशीची पांढरी लव येते. पापड उघडा राहिला तर तासाभरात त्याची चिंधी होते. जावेच्या माहेरी तर 'हवा लागली की माल गेला' हा कायदाच. तिचे वडील, ज्यांना ती दादा म्हणते, डब्याचं झाकण उघडं टाकणाऱ्याला जेवायला वाढू नका म्हणायचे. ती तरी काय करणार? तिनं साबणाला चिक्कीसारखं जपलं.

गणपती झाले आणि मोठा गट येणार होता. आदल्या दिवशी आम्ही डबे उघडले. आत घाम सुटलेल्या वड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. बोट लावलं तर बोट आत गेलं. जावेनं एक वडी उचलली, तिचे कोपरे तिच्या बोटांतच राहिले. तिचा चेहरा मला बघवेना. तिनं पाडलेले ते कोपरे होते.

तरीही आम्ही त्या वड्या वाऱ्यावर थोड्या सुकवून न्हाणीत ठेवल्या, कारण दुसरं काही नव्हतं. गट आला, पावसात भिजून, चिखलानं माखून. अर्ध्या तासात एक मुलगी केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली.

"काकू, तुमचा साबण हातातच विरघळतोय. नळावर ठेवला होता, तर गेलाच वाहून."

साबण वाहून गेला त्याचं दुःख होतंच, पण 'काकू' जास्त लागलं. मग सगळा गट शेजारच्या टपरीवर गेला. तिथल्या मावशी दाराला पुड्यांच्या माळा लावून बसायच्या. त्या दिवशी मावशींचा धंदा झकास झाला. पाहुणे गेल्यावर मी मोरीच्या तोंडाशी पावसात बसले आणि हातानं तुकडे वेचले. जेवढे सापडले तेवढे वेचले, बाकीचे खाली खाचराकडे गेलेच असणार. वरून आबा छत्री घेऊन वळशाच्या वाटेनं चालले होते. ते थांबले, माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

मी हरले होते. खोल्या जाणार, हे मला दिसायला लागलं होतं. नवरा म्हणाला, "जाऊ दे, आबांशी मी बोलतो." मी म्हटलं, "खबरदार बोललास तर." रडून मागितलेल्या खोल्या मला नको होत्या.

आणि मग कडांनी आम्हाला वाचवलं. जावेनं बाजूला सारलेले ते वाकडेतिकडे तुकडे. त्यांच्यासाठी डबा कोण अडकवणार? तिनं ते एका चाळणीत टाकून चुलीवरच्या मांडणीत ठेवून दिले होते. सासूबाई गेल्यापासून ती चूल एकट्या आबांची आहे. आम्ही गॅसवर रांधतो, पण आबा पावसाळाभर चुलीशी बसतात, तिथंच चहा करतात, तिथंच पाणी तापवतात. चुलीच्या वर त्यांनी बांबूच्या कामट्यांची रुंद मांडणी टांगलेली आहे. तिच्यावर बियाण्याचं गाठोडं, सुकट, बोंबील, ओली लाकडं, सगळं उबेला असतं. एक दिवस मोरीवर हात धुवायला काही नव्हतं म्हणून जावेनं चाळणीतला एक तुकडा घेतला आणि तिथूनच मला हाका मारायला लागली. मला वाटलं साप निघाला.

तुकडा दगडासारखा टणक होता. पाणी लावलं तर असा फेस आला की आम्ही दोघी कोपरापर्यंत हात धूत बसलो. पुन्हा धुतले, पुन्हा फेस. तुकडा जरासुद्धा मऊ पडेना. आम्ही एकमेकींकडे बघितलं. चांगला माल डब्यात घालून आम्ही नासवला होता आणि टाकाऊ माल उघड्यावर राहून पिकला होता. साबणाला हवा लागते. चिक्कीला जी हवा मारते, तीच साबणाला घडवते. जाऊ खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता म्हणाली, "आमच्या दादांना सांगू नका हं, ते मला घरात घ्यायचे नाहीत."

आता प्रश्न एवढाच होता, की मावळच्या पावसात कोरडी, उबदार हवा कुठं आणायची? ती अख्ख्या घरात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण आबांचं होतं. ज्या माणसाला खोल्या बंद करायच्या होत्या, त्याच्याच डोक्यावर आम्हाला साबण वाळत घालायचा होता.

मी गेले. चुलीसमोर पाय दुमडून बसले. आढेवेढे मला जमत नाहीत, सरळ म्हटलं, "आबा, मांडणीवर जागा पाहिजे. साबण वाळवायचाय. खोल्यांसाठी."

त्यांनी लाकूड आत सारलं. फुंकर मारली.

"माजीच जागा घिऊन मलाच हरवनार व्हय?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आबांच्या मिशीत काही तरी हललं. "घ्या जागा. पर माजं बोंबील हालवायचं न्हाईत. आन म्या बोललो त्ये बोललो. एक तुकडा गावला तरी कुलूप."

असा हा माणूस. शत्रू असावा तर असा. आम्ही ओळीनं वड्या मांडल्या, मध्ये बोटभर फट ठेवून, म्हणजे ऊब सगळीकडून फिरेल. पहिल्या घाण्याला बोंबलाचा असा काही वास लागला की तो साबण आम्ही घरच्या घरीच संपवला. नवरा कारखान्यात गेला तर शेजारच्या यंत्रावरचा माणूस डबा उघडायच्या आधीच विचारायला लागला, आज काय आणलंय म्हणून. मग जावेनं बोंबील जागचे न हलवता त्यांच्यावर मडकं पालथं घातलं. आबांनी मडकं बघितलं, पण अटीत मडक्याचं काही नव्हतं. पुढच्या वड्यांना उरला तो फक्त धुराचा वास, आणि रंग गुळासारखा झाला.

हा धुराचा वास लागलेला साबण पाहुण्यांना द्यायला मला लाज वाटत होती. दिवाळीनंतर आलेल्या पहिल्या गटापुढं मी तो जरा मागं मागं करतच ठेवला. तर त्यातल्या बाई वडी नाकाला लावून डोळे मिटून उभ्या! "अहो, काय सुंदर वास आहे, गावच्या चुलीचा." शहरातली माणसं. घरात धूर झाला तर खिडक्या उघडतील आणि साबणातला धूर छातीभर ओढतील. मी म्हटलं, आहेच मुळी चुलीचा, आम्ही खोटं कधी देत नाही.

भात कापून झाल्यावर आम्ही दोघींनी खाचर पालथं घालून आधी वाहून आलेले तुकडे वेचून काढले. मग हिवाळाभर आणि उन्हाळाभर साबण पाडला. कुंपणावरच्या घोसाळ्यांच्या वाळक्या जाळ्या कापून त्यांच्या चकत्या न्हाणीत ठेवल्या. त्यांच्यावर वडी ठेवली की पाणी खाली निथळतं आणि साबण बसून मऊ पडत नाही. प्रत्येक पाहुण्याला त्याची स्वतःची छोटी वडी, चिक्कीच्या तुकड्याएवढी, उघडीच, वर काही गुंडाळलेलं नाही. उरली तर घरी न्यावी. आणि दारात एक टोपली. पुड्या, बाटल्या, सगळं तिच्यात ठेवायचं, जाताना आपलं आपलं घेऊन जायचं.

टोपलीवरून भांडणं झाली, नाही असं नाही. पावसाळा लागला तशी ती वाढली. एक दाढीवाले गृहस्थ अंगाला लावायच्या द्रवसाबणाची पुडी मुठीत धरून बसले होते. "मी खोलीचे पैसे दिलेत," म्हणाले.

"खोलीचे दिलेत साहेब," मी म्हटलं. "खाली आमचं खाचर आहे. ते भाड्यात नाही."

त्यांचे मित्र असे हसले की बिचाऱ्यानं पुडी टोपलीत टाकली. जाताना तेच साहेब हळूच विचारत होते, बायकोसाठी दोन वड्या मिळतील का.

राहिल्या टपरीवरच्या मावशी. त्यांच्या माळा आमच्या दारातून दिसायच्या आणि पाहुणा त्यांच्याकडून पुडी घेऊन लपवून आत न्यायचा, मग मला मोरीच्या तोंडाशी बसून तुकडा न् तुकडा वेचावा लागायचा. मी मावशींशी दोनदा कडाकडा भांडले आणि दोन्ही वेळा हरले. मावशींच्या तोंडाला लागणं सोपं नाही. मग जाऊ गेली. ती भांडली नाही. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात आधी चवीला तुकडा देतात, मग माणूस आपण होऊन किलोभर घेतो. तिनं मावशींच्या टपरीपुढं पाण्याची बादली ठेवली, वाटीत कडांचे तुकडे ठेवले. गडावरून उतरलेला माणूस चिखलाचे हात घेऊन येतो आणि त्याला भजी खायची असतात. हात धुतले, फेस बघितला, वास घेतला, की साबण कुठं मिळेल हे तोच विचारायचा. आठवडा झाला नाही तोच मावशींनी पुड्यांच्या माळा काढून टाकल्या आणि त्याच खिळ्यांखाली आमच्या वड्यांची परडी ठेवली. "तुज्यापरास तुजी जाऊ शानी हाय," मला ऐकवायलाही त्या विसरल्या नाहीत.

आणि मग लावणीचा दिवस आला.

आबा पहाटेच खाचरात उतरले होते. बैल नव्हे, भाड्याचं यंत्र होतं, पण यंत्र फिरून गेल्यावर आबा स्वतः पायांनी खाचर तुडवतात. त्या दिवशी त्यांनी ते हातांनीही चाळलं. मोरीचं पाणी जिथं उतरतं त्या कोपऱ्यात तर ते बसकण मारून चिखल चिवडत होते. मी ओळीत उभी राहून रोपं लावत होते. लावणी मला आता बरी जमते, पण त्या दिवशी माझी ओळ सापासारखी वळत गेली. जाऊ माझ्या शेजारी. जरा कुठं आबा वाकले की आम्हा दोघींचे हात थांबायचे.

एकदा त्यांनी काही तरी उचललं. निळं. माझ्या हातातली जुडी खाली पडली. आबांनी ते बोटांत धरून बघितलं, मग आजूबाजूला बघितलं आणि गुपचूप कमरेला खोचलं. खताच्या गोणीचा दोरा होता, त्यांचाच. जावेनं मला कोपरानं ढोसलं. मी खाली मान घालून रोप लावलं, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

आणखी एकदा वाकले. चिखलातून काही उचलून मांडीवर पुसलं. खेकडा होता. तो त्यांनी बांधापलीकडे भिरकावला.

दुपार झाली. बांधावर भाकरी सोडली. आबा आले, बसले, जेवले. फडकं डोक्यालाच होतं, त्याला गाठ नव्हती. सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, कारण गेल्या वर्षीचं कुणीच विसरलं नव्हतं. आबा ठेचा कसा झाला आहे तेवढं बोलले. संध्याकाळपर्यंत खाचर लावून झालं, तरी ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता हा माणूस कधीच बोलणार नाही. आम्ही जिंकलो की नाही हे मला आयुष्यभर कळणार नाही.

खोल्यांवर त्या दिवशी पाहुण्यांची गर्दी होती. न्हाणीबाहेर चिखलानं माखलेली चार-पाच माणसं टॉवेल खांद्यावर टाकून उभी होती. मी हात धुऊन टोपलीपाशी येते न येते तोच खालून आबा वर येताना दिसले. दरवेळी ते ओढ्यावर अंग धुतात. त्या दिवशी ते ओढ्याकडे वळले नाहीत आणि वळशाच्या वाटेकडेही वळले नाहीत. सरळ वाटेनं चालत आले. मांडीपर्यंत चिखल, हातात कोरडं धोतर. पायरीपाशी आले आणि पायरी चढले. जशी रोजच चढतात तशी. रांगेतल्या माणसांना बाजूला सारून न्हाणीत शिरले आणि कडी लावली.

"काका, रांग आहे," एक पोरगा म्हणाला.

"थांबा जरा," मी म्हटलं. "आत आमचे आबा आहेत."

बराच वेळ पाणी पडत राहिलं. जाऊ माझ्याजवळ येऊन उभी राहिली, तिनं माझा हात धरला. रांगेतली माणसं चुळबूळ करत होती. न्हाणीच्या झरोक्यातून साबणाचा, धुराचा वास बाहेर येत होता. मग आतून खाकरल्याचा आवाज आला.

"सूनबाई!"

"काय आबा?"

"हितलं पानी लय गार हाय. पुढल्या पावसाळ्याच्या आत हितं बंब बसवा. पाव्हन्यांनी काय गारठून मरायचं?"

जावेनं तोंडाला पदर लावला. मला हसू येत होतं की रडू, ठाऊक नाही, दोन्ही एकदम येत होतं आणि ते मी थोपवलंही नाही. सगळ्या पाहुण्यांसमोर, चिखलाच्या पायांनी, मी न्हाणीच्या दाराशी जाऊन जोरात ओरडले, "बसवते, आबा! बसवते!"